कोच लॅशलींचं सामान

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा मोसम संपला की नेब्रास्कातल्या आमच्या टॅलमनमधली माणसं जरा निवांत होत असतील, असं बाहेरच्याला वाटेल. तसं होत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी सामना. जिंकलो, हरलो, घसा बसेस्तोवर ओरडलो, घरी आलो, विषय संपला. खरा त्रास डिसेंबरात सुरू होतो. मैदानावर बर्फ साचलेलं असतं आणि रोज सकाळी काहीतरी नवीन कानावर येतं. हा चालला, तो राहिला, याचं ठरलं, त्याचं फिसकटलं. सामन्यात निदान गुण तरी समोर दिसतात.

त्या डिसेंबरात एका सकाळी बातमी आली, की आमच्या कॉलेजच्या संघाचे कोच ग्रँट लॅशली कॅल्डरला चालले. कॅल्डर म्हणजे खाली ओक्लाहोमातलं विद्यापीठ. आमच्यापेक्षा कितीतरी मोठं, आणि दर वर्षी आम्हाला बदडून परत पाठवणारं.

बेव्हच्या खानावळीत आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसलो होतो. मी, माझा मेव्हणा मर्ल कुबिक आणि हॅरलन व्हॉस. हॅरलन पोस्टातून निवृत्त झाला आहे आणि तेव्हापासून दिवसभर फुटबॉल एवढंच करतो. म्हणजे खेळत नाही, नेटवर वाचतो.

"बोल," हॅरलन मर्लला म्हणाला. "आता बोल ना. 'हा माणूस वेगळा आहे.' कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणालो होतो."

"'हा इथंच म्हातारा होणार.' हे कोण म्हणालं होतं?"

"तेही मीच. अंडी खा, गार होतायत."

"बघा, चेहरा बघा याचा," हॅरलन मला म्हणाला. "घरचं माणूस गेल्यासारखा बसलाय."

पण तसं नव्हतं. घरचं माणूस गेल्यावर मर्ल कसा बसतो ते मी पाहिलं आहे. हे वेगळं होतं. तो नुसता दमलेला दिसत होता. लॅशलींच्या आधीचा कोच असाच गेला होता, त्याच्या आधीचाही. पहिल्या वेळी मर्लनं घरातल्या भिंतीवरचा फोटो काढून कचऱ्यात टाकला होता. दुसऱ्या वेळी रेडिओवर फोन करून ताडताड बोलला होता. या वेळी तो काहीच करणार नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. राग यायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

आमच्या संघाचं नाव सारस. मार्चमध्ये नदीवर सारस पक्षी उतरतात त्यावरून. मर्ल या संघाचा किती वेडा, हे माझ्या बहिणीला, आर्डिसला विचारा. आर्डिसच्या पित्ताशयाचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा हा हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसून सामना ऐकत होता. ती शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य हा बोलला ते, "जिंकलो." ती म्हणते, मला वाटलं माझ्याबद्दल बोलतोय.

आठवड्याभरात बाकीच्या बातम्या आल्या. कोचच्या मागोमाग पोरांनी पोर्टलवर नावं टाकायला सुरुवात केली. कॉलेज बदलायचं असलं की तिथं नाव टाकायचं, मग ज्याला हवा तो उचलून नेतो. आमचा क्वार्टरबॅक किप डोरन्स, ज्याच्या हातातून सगळा खेळ निघायचा, तो गेला. त्याला सांभाळणारी पुढची धिप्पाड पोरं होती, त्यातली दोघं गेली. हॅरलन रोज सकाळी टेबलावर येऊन बसला की टोपी काढायच्या आत नाव सांगायचा.

"मेकालाही गेला."

"बरं," मर्ल म्हणायचा.

"बरं काय? अरे, मेकाला!"

"ऐकलं मी. कॉफी सांगू तुला?"

मर्ल सामान हलवणाऱ्या कंपनीत मोठा ट्रक चालवतो. घरातलं सामान बांधायचं, भरायचं, दुसऱ्या गावी उतरवायचं. जानेवारीत कामं कमी असतात, आलेलं काम कुणी सोडत नाही. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातून डॉटीचा फोन आला.

"मर्ल, ओक्लाहोमाचं काम आहे. कॅल्डरचं."

"कुणाचं घर?"

"तू बसलायस का उभा आहेस?"

घरी आर्डिस हसून हसून बेजार झाली. "त्याचा सोफा उलटा ने," ती म्हणाली. "पाय वर करून." हॅरलनला कळलं तेव्हा त्याचं म्हणणं पडलं की एखादी पेटी वाटेतल्या विचिटाच्या आसपास रस्त्यात पडू द्यावी. "कुठलीही. चमच्यांची पण चालेल. मला समाधान पाहिजे."

"तू ये आणि तूच पाड," मर्ल म्हणाला. "पाठीला बरं पडेल माझ्या."

सामान भरायच्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती. मर्लबरोबर रूबेन एस्कारेन्यो होता. रूबेन बरीच वर्षं टॅलमनमध्ये राहतो, बॉक्सिंग बघतो आणि फुटबॉलचं त्याला काडीचं देणंघेणं नाही. घरासमोर ट्रक लावताना त्यानं विचारलं, "कुणाचं म्हणालास हे?"

"कोच लॅशलींचं."

"कसले कोच?"

मर्लनं त्याच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

दार कोचच्या बायकोनं उघडलं. कॉरिन लॅशली. मर्लनं तिला टीव्हीवर पाहिलं होतं, नवऱ्याच्या शेजारी, संघाचा निळा मफलर घालून. दारात होती ती बाई जाड लोकरी मोजे घातलेली, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि रात्रभर झोप न झाल्यासारखी. बातमी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोच गेले होते. तिकडे पोरं गोळा करायची घाई होती.

"कॉफी ठेवलीय," ती म्हणाली. "वरच्या मजल्यापासून सुरू करा. मला सवय आहे, मी मध्ये येणार नाही."

आणि खरोखरच ती सरावलेली होती. खोकी कुठे लागतील, काचेची भांडी कशी उभी लावायची, सगळं तिला माहीत होतं. रूबेन हळूच म्हणाला, "हिला कामावर ठेवा."

दुपारपर्यंत वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. मग मर्ल तळघरातल्या कोचच्या खोलीत गेला. तिथं एका लांब फळीवर हेल्मेटं मांडलेली होती. जिथं जिथं लॅशलींनी शिकवलं त्या प्रत्येक कॉलेजचं एक. लाल, पांढरी, एक हिरवं, त्यावर कसलातरी मासा. सगळ्यात उजवीकडे आमचं निळं, सारसाचं.

मर्लनं मला नंतर सांगितलं की तो तिथं बराच वेळ उभा राहिला. "तिथं काही वाईट नव्हतं रे," तो म्हणाला. "स्वच्छ पुसलेलं होतं. नीट ठेवलेलं होतं. पण त्या माशाचं गावही असेल ना कुठंतरी. तिथंही कुणीतरी म्हणालं असेल, हा माणूस वेगळा आहे."

त्यानं ती एकेक करून कागदात गुंडाळली. आमचंही, इतरांसारखंच, दोन पदर कागद.

जेवायला कॉरिननं दोघांना सूप दिलं. स्वयंपाकघरात एकच टेबल उरलं होतं, तिघं त्याच्याभोवती बसले. मर्ल काही बोलणार नव्हता. गिऱ्हाइकाशी घरगुती बोलायचं नाही हा कंपनीचा नियम आहे, आणि त्याचा स्वतःचाही. पण सूप गरम होतं, घर रिकामं होतं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मॅडम, नोव्हेंबरात ते टीव्हीवर म्हणाले होते की—"

"की हे आमचं शेवटचं घर आहे," ती म्हणाली. "माहीत आहे. मी शेजारीच उभी होते."

"तेव्हा ठरलं होतं का हो?"

"मला विचारताय?" ती हसली, पण हसण्यात दम नव्हता. "मला दुकानात कळलं. पैसे द्यायच्या रांगेत उभी होते. पुढच्या बाईनं मागं वळून विचारलं, तुम्ही जाताय म्हणे? मी म्हटलं, कुठं?"

रूबेनचा चमचा थांबला. ती बातमी मर्लनं त्या दिवशी सकाळीच ट्रकमध्ये रेडिओवर ऐकली होती. म्हणजे या बाईच्या आधी.

"मग त्यांनी फोन केला नाही?" रूबेननं विचारलं. नियम त्यालाही माहीत होता, पण त्याला राहवलं नाही.

"केला ना. संध्याकाळी. म्हणाले, तुला सांगणारच होतो, पण बातमी फुटली."

जेवण झाल्यावर दिवाणखान्यातल्या तसबिरी काढायच्या होत्या. रूबेननं त्या उतरवल्या आणि विचारलं, "मॅडम, भिंतीतली भोकं बुजवायची का? काही लोक बुजवून मागतात."

कॉरिन भिंतीकडे बघत राहिली. "मी भिंतीत खिळे ठोकत नाही," ती म्हणाली. "कुठल्याच घरात ठोकले नव्हते. तसबिरी जमिनीवर टेकवून ठेवायच्या. याच घरात पहिल्यांदा ठोकले. हातोडीसुद्धा नवी आणली होती."

ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. रूबेन आणि मर्ल पुस्तकांचं कपाट उचलून दाराकडे निघाले होते. ती म्हणाली, "ते राहू दे."

"हे शेवटी न्यायचं?"

"नाही. ते राहू दे. इथंच."

त्यांनी कपाट खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "स्वयंपाकघरातलं टेबलही नको." मग उठून बाहेर गेली, ट्रकच्या फळीवरून आत डोकावली, अंगावर कोट नाही, आणि म्हणाली, "तो पलंग बाहेर काढता येईल का? आणि माझ्या पुस्तकांची खोकी?"

पलंग सगळ्यात आत होता. रूबेन स्पॅनिशमध्ये आपल्या कुठल्यातरी संताला हाका मारू लागला.

"मॅडम," मर्ल म्हणाला, "आधी कोट घाला. मग सांगा काय काढायचं ते. आणि मला ऑफिसात कळवावं लागेल."

"कळवा."

"आणि त्यांना?"

"त्यांना मी कळवते."

ती आत गेली. थोड्या वेळानं कोट घालून परत आली. "फोन उचलला नाही. मीटिंगमध्ये असतील. निरोप ठेवलाय." मग मर्लनं काही विचारलेलं नसताना म्हणाली, "शाळेत माझी मुलं आहेत. ज्यांना वाचायला जड जातं ती. आत्ता कुठं चार ओळी सलग वाचायला लागलीत. प्रत्येक गावात मी त्यांना अर्ध्यावर टाकून आले. दर वेळी जानेवारीतच. हे जातात आणि मग जानेवारीत मी."

संध्याकाळ होईस्तोवर अर्धं सामान परत घरात गेलं. निघताना कॉरिननं दोघांचे हात हातात घेतले. मर्ल म्हणाला, "आमच्याकडून बाहेर जाणार नाही, मॅडम."

"मला तर कळलंच नाही काय झालं ते," रूबेन म्हणाला. ती त्या दिवसात पहिल्यांदा मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी ते कॅल्डरला पोचले. घर मोठं, नवंकोरं, आणि आत एकही खुर्ची नाही. कोच लॅशलींनी स्वतः दार उघडलं. मर्लनं त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मैदानावरून दिसत त्यापेक्षा ते बुटके होते. अंगात कॅल्डरचा नारिंगी सदरा होता, त्याची घडी अजून मोडली नव्हती. कोपऱ्यात हवेची गादी पसरलेली आणि बाजूला बाहेरून आणलेल्या जेवणाचे कागदी डबे.

रूबेननं ट्रकचं दार वर सरकवलं. कोच आत बघत राहिले.

"बाकीचं मागून येतंय का?"

"नाही, साहेब," मर्ल म्हणाला. "एवढंच आहे. मॅडम म्हणाल्या, फोनवर निरोप ठेवलाय."

कोचनी खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला. त्यांनी तो ऐकला होता की नाही, ते मर्लला शेवटपर्यंत कळलं नाही. ते ट्रकच्या फळीवर टेकले.

"पलंग?"

"तो तिकडेच राहिला."

"बरं." मग त्यांचं लक्ष मर्लच्या कोटाकडे गेलं. त्यावर सारसाचा बिल्ला होता. मर्ल तो काढायचा विसरला होता, मुद्दाम ठेवला नव्हता. "सामन्यांना येता तुम्ही?"

"येतो. दक्षिणेकडच्या कट्ट्यावर. वर, अगदी टोकाला."

"थंडी असते तिथं."

"असते."

कोच काहीतरी बोलणार होते. मर्ल सांगतो की त्यांचा चेहरा क्षणभर एखाद्या परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा दिसला, आणि त्या क्षणी ते 'माफ करा' म्हणाले असते तर त्यानं 'ठीक आहे' म्हटलं असतं. पण फोन वाजला. कुठल्यातरी पोराचे वडील असावेत. कोच उभे राहिले, खांदे मागे गेले, आणि आवाज एकदम टीव्हीवरचा झाला. "सर, मी तुम्हाला एवढंच सांगतो, माझ्या बायकोनं आणि मी ठरवलंय, हे आमचं शेवटचं घर आहे. तुमचा मुलगा आमच्या घरातला मुलगा."

मर्ल आणि रूबेननं हेल्मेटांची खोकी आत नेऊन ठेवली. सह्या झाल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी कॅन्सस ओलांडलं. मग रूबेन म्हणाला, "तुम्ही लोक या माणसासाठी रडता?"

"याच्यासाठी नाही," मर्ल म्हणाला.

"मग कशासाठी?"

मर्लनं ट्रक कडेला घेतला. "चालव तू आता," तो म्हणाला. "मी जरा डोळे मिटतो."

आम्हाला त्यानं तेव्हा यातलं काही सांगितलं नाही. मलाही नाही, आर्डिसलाही नाही. आणि नेमकं तेव्हाच हॅरलनला नेटवर नवीन खाद्य मिळालं होतं.

"बायको," तो टेबलावर बसता बसता म्हणाला. "सगळं त्या बायकोचं काम आहे. तिला इथं करमत नव्हतं. छोटं गाव, दुकानं नाहीत, काही नाही. तिनंच मागं लागून लागून नेलं त्याला."

"कुणी सांगितलं तुला?" मर्लनं विचारलं.

"सगळीकडे लिहिलंय. किती जण लिहितायत."

"किती जण ओळखतात तिला?"

"ओळखायला कशाला पाहिजे? तोंडावरूनच दिसत होतं. नाक वर करून उभी असायची."

मर्लनं काटा खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता हा टेबल उलटवणार. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्यानं टाकलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या नेब्रास्कात झालं असतं, आणि हॅरलनचं तोंड कायमचं बंद.

"तू नको बोलूस त्या बाईबद्दल," तो म्हणाला.

"का? तुझी कोण लागते?"

मर्ल उठला, बेव्हकडे जाऊन बिल दिलं आणि निघून गेला. अंडी तशीच राहिली. हॅरलन माझ्याकडे बघून म्हणाला, "याला काय झालं?" मला खरंच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत नवीन कोच आला. तरुण, आयोवाचा, तिळी मुलं असलेला. हॅरलनला तो फार आवडला. महिन्याच्या शेवटी बेव्हच्या नातीनं घरी सांगितलं की मिसेस लॅशली अजून शाळेत शिकवतात, आणि मग गावाला हळूहळू सगळं कळलं. ती गेलीच नव्हती. ते मोठं घर सोडून पुढच्या गल्लीत लहान घर भाड्यानं घेऊन राहिली होती. तिचं सामान तिथं कुणी हलवलं हेही निघालं. मर्ल आणि रूबेननं, एका रविवारी, कंपनीच्या ट्रकशिवाय.

हॅरलननं खानावळीत सगळ्यांसमोर विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"जानेवारीपासून?"

"हो."

"आणि मी इथं रोज बसून मूर्खासारखा बडबडत होतो. मला सांगता नाही आलं? इतक्या वर्षांची मैत्री आपली!"

"तिच्या घरातली गोष्ट होती, हॅरलन."

"मी कुणाला सांगितलं असतं का?"

यावर बेव्हसकट सगळी खानावळ हसली. मर्ल हसला नाही. हॅरलन लालबुंद होऊन निघून गेला आणि काही आठवडे आमच्या टेबलावर आलाच नाही. काउंटरपाशी एकटा बसायचा, पाठ आमच्याकडे करून. मर्लही त्याला बोलवायचा नाही. कुणाची समजूत काढायचीही ताकद त्याच्यात राहिली नव्हती असं मला वाटायचं. कामावरून यायचा, जेवायचा, खुर्चीत झोपायचा. आर्डिस काळजीत होती. "अरे, त्यानं नव्या पोरांची नावंसुद्धा विचारली नाहीत मला," ती म्हणाली.

एकदा मी त्याला सरळ विचारलं, "सोडणार का आता सारसांना?"

"सोडून करू काय?" तो म्हणाला. "शनिवारी घरात बसून आर्डिसशी भांडू?"

एप्रिलमध्ये सरावाचा सामना झाला, आपलाच संघ दोन भागांत वाटून खेळतात तो. मी आणि मर्ल गेलो. वारा असा होता की चेंडू भलतीकडेच जायचा. मर्ल नेहमीच्या टोकाच्या जागेवर बसला, कॉलर वर करून. खालून जिन्यानं कुणीतरी धापा टाकत वर येत होतं. हॅरलन होता. तो मर्लच्या शेजारी येऊन बसला, दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडून.

मैदानावर एक काटकुळा पोरगा चेंडू फेकत होता. कुठून आला, मला ठाऊक नव्हतं.

"दुसऱ्या वर्षाचा आहे," हॅरलन समोर बघत म्हणाला. "आयडाहोचा. डावखुरा."

"दिसतंय."

"खांदा चांगला आहे."

"पुढची पोरं राहिली नाहीत त्याला सांभाळायला," मर्ल म्हणाला. "मोडून ठेवतील बिचाऱ्याला."

"तेच तर. उजवीकडे कोण आहे बघ. मी कधी नावही ऐकलं नाही."

मध्यंतराच्या आतच थंडीनं आम्हाला उठवलं. तिघंही शाळेच्या सभागृहात गेलो, तिथं मदतनिधीसाठी खिमा-राजम्याची गरम चिली आणि तिच्याबरोबर खायचे दालचिनीचे गोड रोल विकत होते. वाढायला उभ्या असलेल्या बायकांमध्ये कॉरिन लॅशली होती. केसांत पेन्सिल. हॅरलन तिला पाहून जागीच थबकला. मग टोपी काढून, खाली बघत, म्हणाला, "मॅडम, रोल जरा मोठा द्या."

तिनं दोन दिले.

आम्ही भिंतीजवळच्या टेबलावर बसलो. हॅरलन रोल चिलीत बुडवून खात होता आणि तोंड भरलेलं असताना सांगत होता की मेकाला परत येणार असं कुणीतरी लिहिलंय, तिकडे त्याला खेळायला मिळत नाहीये. मर्लनं वाडग्यावर दोन्ही हात धरले होते, शेकायला. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. मग म्हणाला, "आला तर येऊ दे. नाही आला तर नाही," आणि चमचा उचलून खायला लागला.